अँटिबॉडी घालूनही हर्पिसचे प्लाक वाढतात, असं का?

पेशी_नाशिक
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी वेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) एचएसव्ही-१ चा, म्हणजे हर्पिसच्या विषाणूचा, प्लाक अ‍ॅसे लावला आहे; म्हणजे विषाणूमुळे पेशींच्या थरात पडलेले ठिपके (प्लाक) मोजायची चाचणी. ६-वेल (सहा खाचांची) प्लेट, वेलला साधारण ५० पीएफयू (प्लाक तयार करू शकणारे विषाणू), ३७ अंशांवर १ तास शोषण (विषाणू पेशींना चिकटण्यासाठी), मग १ टक्का मिथाइलसेल्युलोजचा ओव्हरले (विषाणू वाहत जाऊ नये म्हणून वर घातलेला दाट थर). ओव्हरलेमध्ये विषाणू निष्प्रभ करणारं मानवी आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) आहे, तरी तिसऱ्या दिवशी प्लाक दिसतातच, फक्त लहान. अँटिबॉडी कमी पडतेय, की विषाणू बाहेर न येता थेट शेजारच्या पेशीत शिरतोय?

कल्चर_हूड
आधी प्लाकची संख्या मोजा, मग व्यास. या दोन आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत. संख्या कंट्रोलइतकीच आणि व्यास कमी असेल, तर पहिला प्रवेश अँटिबॉडी येण्याआधीच झालेला आहे आणि पुढे पेशीतून पेशीत प्रसार चालू आहे. संख्याच घटली असेल, तर तासाभरानंतरही काही विषाणू पेशीवर नुसते चिकटून होते आणि अँटिबॉडीने त्यांना गाठलं.

‘बाहेर न येता’ हे मात्र हर्पिसला लागू नाही. तो बाहेर येतो, पण वरच्या मोकळ्या बाजूने नव्हे. जीई आणि जीआय ही विषाणूच्या प्रथिनांची जोडी नव्या विषाणूंना पेशीच्या त्या बाजूकडे वळवते जिथे ती शेजारणीला खेटलेली असते. त्याच सांध्यावर पेशीचं नेक्टिन-१ हे प्रथिन असतं आणि विषाणूचं जीडी हे प्रथिन त्याला धरतं. त्या फटीत अँटिबॉडीला जागाही कमी आणि वेळही कमी. जीई काढून टाकलेला विषाणू पेशीत नीट शिरतो, पण त्याचे प्लाक बारीक राहतात.

ओव्हरले_गंगापूर
शोषणानंतर, पेशीबाहेर चिकटून राहिलेले विषाणू निकामी करायला, आम्लधर्मी सायट्रेटने धुतलं का? ४० मिलिमोलर सोडियम सायट्रेट, १० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १३५ मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ३.०. वेलमध्ये १ मि.लि., १ मिनिट, लगेच पीबीएसने (पेशींना न दुखवणारं मिठाचं द्रावण) दोनदा. वेळ वाढला की वेरोचा थर सुटायला लागतो आणि ती भोकं प्लाक म्हणून मोजली जातात. हे धुणं नसेल तर वर सांगितलेला संख्येचा हिशेब करता येणार नाही.

अँटिबॉडीची मात्रा अंदाजाने घेऊ नका. १०० पीएफयू विषाणू आणि अँटिबॉडीची दुपटीने केलेली विरळीकरणं ३७ अंशांवर १ तास एकत्र ठेवा आणि एकही प्लाक न देणारं शेवटचं विरळीकरण शोधा. ओव्हरलेमध्ये त्याच्या चार-पाच पट तीव्रता ठेवा. सीरम वापरत असाल तर आधी ५६ अंशांवर ३० मिनिटं, नाहीतर कॉम्प्लिमेंट (सीरममधली, विषाणूवर स्वतःच हल्ला करणारी प्रथिनं) मध्ये येतं.

सगळ्यात बोलकी वेल माझ्या मते मिथाइलसेल्युलोज नसलेली. साध्या माध्यमात मोकळा विषाणू वाहत जाऊन मूळ प्लाकभोवती पिल्लं आणि शेपट्या तयार करतो. अँटिबॉडी घातल्यावर पिल्लं नाहीशी झाली आणि मूळ प्लाक मात्र वाढत राहिले, तर तुमचं उत्तर मिळालं.

उन्हाळ्यात वीज गेली म्हणून प्लेट इकडून तिकडे हलवली असेल, तर ओव्हरलेखालीही शेपट्या येतात. त्या वेल बाद करा. व्यास किमान ३० सुट्या, गोल प्लाकचा घ्या.

आणखी एक, जीई-जीआय जोडी मानवी आयजीजीचा एफसी भाग (अँटिबॉडीचं शेपूट) पकडते, त्यामुळे मानवी अँटिबॉडीचा निकाल गढूळ होऊ शकतो. उंदराचं आयजीजी ती पकडत नाही. म्हणून जीडीविरुद्धचं उंदराचं मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटिबॉडी) एका प्लेटवर समांतर लावा.

पेशी_नाशिक
सायट्रेट केलंच नव्हतं, आता करते. पण प्लाकमध्ये काही ठिकाणी एकाच पेशीत खूप केंद्रकं दिसतात. तेही यातच मोजायचं का?

कल्चर_हूड
नाही, ते वेगळं नोंदवा. ते पेशींचं विलीनीकरण आहे. जंगली (जनुकं न बदललेला) एचएसव्ही-१ वेरोवर ते फारसं करत नाही. जीबी किंवा जीके जनुकात बदल झालेले ‘सिन’ प्रकार करतात. स्टॉक बरेच पॅसेज झालेला (पुन्हा पुन्हा नव्या पेशींत वाढवलेला) असेल तर प्लाक शुद्धीकरण, म्हणजे एकाच प्लाकमधून नवा स्टॉक, करून घ्या. विलीन पेशींत विषाणूला फटसुद्धा ओलांडावी लागत नाही, त्यामुळे व्यासाची तुलना फसवी ठरते.

त्वचा_ओपीडी
दवाखान्यात याचाच परिणाम दिसतो. रक्तात आयजीजी असूनही ओठावरचा हर्पिस पुन्हा उठतो. चेतातंतूच्या टोकाला विषाणू उतरतो आणि तिथून त्वचेत पेशीगणिक पसरतो. एचटीएलव्ही-१ (पांढऱ्या रक्तपेशींत राहणारा एक विषाणू) तर त्याहून टोकाचा. तो पेशींच्या संपर्कातूनच जातो, म्हणून पेशी असलेल्या रक्तातून त्याची लागण होते, पण ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मातून होत नाही.

असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध पेशीच्या आत, विषाणूच्याच थायमिडिन कायनेज या एन्झाइममुळे सक्रिय होतं. त्यामुळे विषाणू कोणत्या वाटेने पेशीत आला याने फरक पडत नाही. एका वेलमध्ये तेही कंट्रोल म्हणून घाला. तिथेही प्लाक वाढले तर आधी स्टॉक औषधाला दाद देतो का ते तपासा.