दारू निम्म्यावर आणली, तरी वजन जागचे हलत नाही

पिंपळवाट

नमस्कार. माझे वय ४६, उंची १७० सेंटिमीटर आणि काम बैठे आहे. तीन महिन्यांपूर्वी माझे वजन ८४.२ किलो होते आणि कमरेचा घेर १०१ सेंटिमीटर. तोपर्यंत आठवड्यातून चार रात्री मित्रांबरोबर बारमध्ये बसणे होत असे आणि दर बैठकीला सोड्याबरोबर तीन मोठे पेग व्हिस्की हे ठरलेले असे. वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६० आले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, तेव्हा मी बारची वाट सोडली. आता आठवड्यातून तीनच रात्री, घरी, दोनच पेग घेतो. म्हणजे बारा पेगांवरून सहावर आलो.

एका मित्राने खात्रीने सांगितले होते की दारू कमी केली की महिन्याला तीन-चार किलो आपोआप उतरतात. तीन महिने झाले, काटा ८३.५ दाखवतो आणि पट्टा त्याच भोकात बसतो. दुसरा मित्र म्हणतो की व्हिस्कीत साखर नसते, त्यामुळे तिचा वजनाशी संबंधच नाही. आमच्या गावाकडे रोज पिणारी जी मंडळी आहेत, ती सगळी काटकुळी आहेत, हेही मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मग दारू कमी केल्याने वजन खरोखर किती उतरते, आणि माझे का उतरले नाही? रात्री हल्ली काहीतरी गोड खावेसे वाटते, हेही सांगून ठेवतो. त्याचा संबंध असल्यास तोही सांगावा.

पळीवाढी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आधी हिशेब मांडते, कारण आपल्या दोन्ही मित्रांची विधाने तिथेच निकालात निघतात.

एक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल शरीराला सुमारे ७ कॅलरी देते. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांचा हाच आकडा ४ आहे आणि चरबीचा ९, म्हणजे अल्कोहोल साखरेपेक्षा तेलातुपाच्या अधिक जवळ जाते. आपल्याकडच्या व्हिस्कीत अल्कोहोलचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के असते. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये त्यामुळे सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल येते आणि त्यातून १४० कॅलरी, म्हणजे ४० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीइतकी ऊर्जा. साखर नाही हे खरेच आहे, पण साखर नसली म्हणून कॅलरी नाहीत असा अर्थ होत नाही. शिवाय भाकरीने पोट भरते, पेगने ते उलट खवळते.

आता आपला हिशेब. बारावरून सहा पेगांवर आल्याने आठवड्याला सुमारे ८५० कॅलरी वाचतात. एक किलो चरबी उतरायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची तूट लागते, हा आकडा धरला तर बाकी काहीही न बदलता तीन महिन्यांत जास्तीत जास्त दीड किलो उतरायला हवे होते. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच, कारण खाणेपिणे कमी झाले की शरीरही खर्चाला हात आखडता घेते. महिन्याला तीन-चार किलो हे गणित रोज रात्री क्वार्टरच्या वर पिऊन त्याबरोबर ताटभर तळलेले खाणाऱ्याने सगळेच थांबवले तर कदाचित जमेल. आपले जमणार नव्हते.

कॅलरींच्या पलीकडे एक गोष्ट आहे, तीही लक्षात घ्यावी. अल्कोहोल शरीरात साठवता येत नाही, म्हणून यकृत हातातली बाकी कामे बाजूला ठेवून आधी ते निकालात काढते. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी निरोगी पुरुषांना बंद खोलीत ठेवून त्यांचा श्वास मोजला, तेव्हा आहारात अल्कोहोल आल्यावर चरबी जाळण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेले आढळले. म्हणजे दारूची चरबी होते असे म्हणण्यापेक्षा, दारू जळत असताना त्याच ताटातली भजी अंगावर राहतात, असे म्हणणे जास्त बरोबर आहे.

गोड खाण्याबद्दल विचारले आहे. संध्याकाळी ठरावीक वेळी मिळणारे सुख काढून घेतले की मन त्या जागी दुसरे शोधते आणि पुष्कळांच्या बाबतीत ते गोड असते. नेमके काय आणि किती खाता, हे कृपया लिहावे.

चौकोनी_चपाती

ताईंनी हिशेब चोख मांडला आहे, पण त्यात एक गृहीतक आहे आणि माझा स्वतःचा घोटाळा तिथेच झाला होता, म्हणून लिहितो. आपला घरचा पेग ६० मिलिलिटरचाच आहे, हे कशावरून?

बारमध्ये माणूस मापाने ओततो, कारण थेंब जास्त गेला तर मालकाचे नुकसान होते. घरी ओतणारा हात आपला आणि बाटलीही आपलीच. मीही दोन वर्षांपूर्वी अशीच 'घरी आणि दोनच' अशी शिस्त लावून घेतली होती आणि असाच चकित झालो होतो. एका रविवारी सकाळी बायकोचा केक करण्याचा वजनकाटा घेतला, नेहमीचा जाड बुडाचा ग्लास त्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि रिकाम्या बाटलीत पाणी भरून रोजच्या सवयीने पेग ओतला. पाण्याचे एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. काट्याने ९२ दाखवले. पुन्हा ओतले, ८८. तिसऱ्यांदा मुद्दाम सांभाळून ओतले, तर ८१. म्हणजे माझे 'दोन पेग' हे मुळात तीन होते. बायको ओट्याशी कोथिंबीर निवडत उभी होती. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण धुऊन तिने ग्लासांच्या शेजारी ठेवले.

आपण काट्यानेही मोजू नका, बाटलीवर तारीख लिहा. आठवड्याला सहा खरे पेग म्हणजे ३६० मिलिलिटर. या हिशेबाने ७५० मिलिलिटरचा खंबा दोन आठवडे पुरून वर थोडी उरायला हवी. तो किती दिवसांत संपतो?

दुसरे, श्रावणाविषयी. मी दर वर्षी गटारीनंतर थेट गणपतीपर्यंत थेंबाला शिवत नाही. पहिल्याच आठवड्यात किलोभर वजन उतरते आणि माणूस हुरळून जातो. ती बहुतेक चरबी नसते. खारे शेंगदाणे, शेव, लोणचे आणि पापड यांच्या मिठाने अंगात धरून ठेवलेले पाणी असते. खरी घट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागते, तेवढ्यात मोदक येतात, आणि पुढचे सांगायला नको.

माजघर

मी स्वतः पीत नाही, परंतु माझे यजमान आठवड्यातून दोनदा बसत असत आणि त्यांचे वजन दीड वर्षात ९१ वरून ८३ किलोवर आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूने जे दिसले ते लिहिते.

आपण सगळे पेग मोजत आहात, पण चकण्याचा उल्लेख कोणीच धड केलेला नाही. मी एकदा त्यांच्यापुढे ठेवलेली शेंगदाण्यांची वाटी आधी आणि नंतर तोलली. दीड तासात १०० ग्रॅम दाणे संपले होते आणि आपण काही खाल्ले आहे असे त्यांना वाटतही नव्हते. शंभर ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे जवळपास चार मोठे पेग. त्यावर कधी बोंबील फ्राय, कधी चिकन लॉलीपॉप. आणि एवढे होऊन साडेदहाला 'वाढ गं' म्हणून पुन्हा पूर्ण जेवण होतेच, कारण चकणा म्हणजे जेवण नव्हे असे आपल्याकडे पुरुषांनी एकमताने ठरवलेले आहे.

आमच्याकडे पेग कमी व्हायच्या आधी क्रम बदलला. मी आठ वाजता जेवण वाढू लागले. ज्याला बसायचे त्याने जेवून बसावे. पोट भरलेले असताना दुसरा पेग आपोआपच राहू लागला. वाटीत दाण्यांऐवजी काकडी, गाजर आणि उकडलेली मटकी आली. पहिले दोन महिने घरात कुरकुर होती, हे प्रामाणिकपणे सांगते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे फिरणे बुडत असे आणि दहा वाजता कार्यालयाखालची मिसळ लागत असे, तेही हळूहळू थांबले. माझ्या मते दुसऱ्या दिवसाचा हा भाग लोकांच्या हिशेबात कधी येतच नाही.

उंडो

म्हापशाहून लिहितो, त्यामुळे व्हिस्कीपेक्षा माझा अनुभव उर्राकचा, म्हणजे काजूबोंडाच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचा आहे. मार्च ते मे या काजूच्या हंगामात आमच्याकडे उर्राक लिंबाच्या गोड सोड्याबरोबर, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. उर्राक फेणीपेक्षा पुष्कळ सौम्य असते, म्हणून लोक तिला हलकी समजतात आणि मोठा ग्लास भरतात. प्रत्यक्षात २५० मिलिलिटर गोड पेयातून पाच-सहा चमचे साखर जाते, म्हणजे शंभर कॅलरी, आणि दुपारभरात असे चार ग्लास सहज होतात. गेल्या हंगामात मी गोड पेय काढून साधा सोडा आणि पिळलेले लिंबू घेतले, उर्राक तेवढीच ठेवली, आणि एरवी मे अखेरीस जे दोन किलो वाढत, ते वाढले नाहीत. टॉनिक वॉटरही गोडच असते, हे जाता जाता सांगतो. ते कडू लागते म्हणून फसगत होते.

बिअर पिणाऱ्यांनी हसू नये. ६५० मिलिलिटरच्या साध्या बाटलीत अडीचशेच्या वर कॅलरी असतात, स्ट्राँगमध्ये त्याहून बऱ्याच जास्त.

नाडीपरीक्षक

मी फिजिशियन आहे. वरचे बहुतेक प्रतिसाद योग्य आहेत, तरी दोन गोष्टी राहिल्या आहेत.

गावाकडच्या काटकुळ्या माणसांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो उलटा समजला जातो. आपण जेवणावर दारू घेता, ते जेवणाऐवजी घेतात. दिवसाच्या ऊर्जेचा मोठा वाटा दारूतून येतो, पण तिच्यात ना प्रथिने ना जीवनसत्त्वे, त्यामुळे आधी दंडा-मांड्यांचे स्नायू झडतात. जठर, आतडी आणि स्वादुपिंड बिघडल्यामुळे जे थोडे खाल्ले तेही अंगी लागत नाही. अशा माणसाचे हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे आलेले दिसले, तर ती ढेरी नसून पोटात पाणी झालेले असू शकते आणि ते यकृत निकामी होत असल्याचे लक्षण असते. त्या बारीकपणाचा हेवा करण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट या धाग्याचे नंतरचे वाचक लक्षात घेऊन लिहितो. प्रश्नकर्त्यांनी दारू कमी केली ते ठीक आहे, परंतु जो माणूस रोज भरपूर पितो, ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि एक घोट घेतल्यावर थांबतात, त्याने वजनासाठी किंवा कोणत्याही कारणासाठी एका रात्रीत बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊन, सुरक्षितपणे करता येते. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही 'जेवण टाळतो, पेग घेतो, कॅलरी बरोबर' असा हिशेब कधीही करू नये, कारण यकृत अल्कोहोलमध्ये गुंतलेले असताना ते रक्तात साखर सोडू शकत नाही आणि झोपेतच साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

प्रश्नकर्त्यांना एवढेच सुचवतो की काट्यापेक्षा घेर आणि रक्ताची तपासणी पाहावी. भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. यकृतावरची दारूमुळे आलेली साधी चरबी पूर्ण बंद केल्यास काही आठवड्यांतही ओसरू लागते, आणि ट्रायग्लिसराइडही बहुतेकदा वजनाच्या आधी खाली येते. आपल्या अहवालात दोन्ही बिघडलेले असताना 'कमी करणे' पुरेसे आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. माझ्याकडे आला असता तर मी तीन महिने पूर्ण बंद करायला सांगितले असते.

पिंपळवाट

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीवर लिहिण्याची कल्पना मी लगेच अमलात आणली. ताज्या खंब्यावर बॉलपेनने तारीख घातली होती. तो दहाव्या दिवशी संपला. आठवड्याला ३६० ऐवजी सव्वापाचशे मिलिलिटर. बारमध्ये मी आठवड्याला ७२० घेत होतो, म्हणजे निम्म्यावर आलो हे माझे म्हणणे मुळातच खोटे होते आणि मला स्वतःला ते ठाऊक नव्हते.

गोडाबद्दल पळीवाढी यांनी विचारले होते. न पिण्याच्या रात्री जेवणानंतर दोन पेढे किंवा वाटीभर आम्रखंड होते. मोजलेले नाही, पण माजघर यांचा प्रतिसाद वाचल्यावर मोजायचे धैर्यही होत नाही. चकणा मी बारमध्ये सोडून आलो असे समजत होतो. घरी फरसाणाचा डबा ग्लासाशेजारीच असतो, हे सौभाग्यवतींनी धागा वाचून लक्षात आणून दिले.

डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून पुढचा खंबा आणलेला नाही. सकाळी हात थरथरण्यासारखे काही नाही, तरीही शनिवारी आमच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोपर्यंत एक शंका विचारतो: गेले दोन दिवस घेतली नाही तर झोप बारा-साडेबारापर्यंत लागत नाही, पण सकाळी सहाला गजराआधी जाग येते. हे नेहमीचे आहे का?

नाडीपरीक्षक

होय, नेहमीचे आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरू लागली की उत्तररात्रीची झोप तुटक होते. तो क्रम आता उलटा होत आहे. साधारणपणे एक-दोन आठवड्यांत झोप बसते. तोवर साडेबारापर्यंत जागे असताना फरसाणाच्या डब्याकडे जाऊ नये.

माजघर

तो डबा मी तर वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे ठेवते. खुर्ची घेऊन काढावा लागतो.