पेरॉक्साइड परिणाम फक्त हायड्रोजन ब्रोमाइडलाच का? मदत हवी आहे

अकरावीच्या विद्यार्थ्यांना हायड्रोकार्बनचे प्रकरण शिकवताना एका मुद्द्यावर मी अडलो आहे. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया केली की मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमानुसार (हायड्रोजन आधीच जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनला जोडला जातो) २-ब्रोमोप्रोपेन मिळते, परंतु पेरॉक्साइड असल्यास मुक्त मूलकांच्या (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या) साखळीमार्गाने, म्हणजे एका मूलकातून पुढचा मूलक बनत, मुख्यतः १-ब्रोमोप्रोपेन तयार होते. खराश आणि मेयो या रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवलेला हा परिणाम हायड्रोजन क्लोराइड व हायड्रोजन आयोडाइड यांच्या बाबतीत मात्र दिसत नाही.

आयोडाइडचे कारण मला पटते, कारण तिथे आयोडीन मूलक दुहेरी बंधाशी जोडला जाण्याची पायरीच ऊष्माग्राही आहे. क्लोराइडचे स्पष्टीकरण मात्र अपुरे वाटते. हायड्रोजन-क्लोरीन बंध मजबूत असल्यामुळे कार्बन मूलक त्यातून हायड्रोजन काढून घेऊ शकत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्ष आकडे मांडून पाहिले, तर हा बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४३१ किलोज्यूल लागतात आणि नव्याने बनणाऱ्या दुय्यम कार्बन-हायड्रोजन बंधातून सुमारे ४१० परत मिळतात. म्हणजे तूट जेमतेम वीसेक किलोज्यूलची आहे, आणि एवढी तूट असलेल्या कितीतरी अभिक्रिया व्यवस्थित घडतात.

आयनिक यंत्रणा व मार्कोव्हनिकॉव्हचा नियम मला माहीत आहे, त्यामुळे तो भाग पुन्हा सांगण्याची गरज नाही. उत्तर बंध-ऊर्जा आणि अभिक्रियेचा वेग एवढ्याच कल्पनांवर आधारलेले असावे, कारण विद्यार्थ्यांना त्यापुढचे अजून शिकवलेले नाही. एवढ्या लहान तुटीमुळे साखळी खरोखरच तुटते का, आणि तुटत असेल तर ते कार्बन मूलक हायड्रोजन न घेता नेमके कोणत्या मार्गाने संपतात?