दम टिकतोय, पण नडगी दुखतेय: सल्ला हवा

पहाटवारा: वय ३८, राहायला दादरला. ऑगस्टपासून शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारतोय, आठवड्यातून पाच दिवस. आधी एका फेरीतच दम लागायचा, आता महिन्याभरात तीन फेऱ्या न थांबता होतात. पण गेला आठवडाभर दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतायत. बूट बदलू, की थोडं सोसून पुढे जाऊ? जानेवारीत १० किलोमीटर धावायची इच्छा आहे.

फिजिओ_मुलुंड: सोसू नका, आणि बुटांवर एवढ्यात पैसे घालू नका. दम आधी तयार होतो, हाडं मागाहून. तुमचं दुखणं त्या मधल्या काळातलं वाटतं.

पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, वाढतो. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्याच वेगाला नाडी आधीपेक्षा हळू चालते, आणि आपण तयार झालो असं वाटतं. स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटायला महिना-दीड महिना लागतो. टाचेमागच्या जाड कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) रक्तपुरवठाच कमी, तिला तीन महिने किंवा जास्तही. हाडाचं तर वेगळंच आहे. नवा भार आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं, त्याला सुमारे तीन आठवडे जातात. मग तिथे नवं हाड भरायला तीनेक महिने. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या महिन्यात नडगी काही ठिकाणी आधीपेक्षा कच्ची असते, आणि नेमकं तेव्हाच दम वाढल्यामुळे माणूस अंतर वाढवतो.

आज एक करा. नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत घोट्यापासून वर न्या. तीन-चार बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल आणि धावताना अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या आतल्या कडेला होणारं दुखणं. पण नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारवत नसेल, तर धावणं बंद करून ऑर्थोपेडिककडे जा. अशा वेळी हाडाला बारीक भेग असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही; एक्स-रे साफ आला तरी दुखणं तसंच असेल तर एमआरआयचं विचारा.

कट्टेकरी: शिन स्प्लिंट्सच असतील तर दोन आठवडे नुसती चाल, तीही न दुखता. मग एक दिवसाआड १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दर आठवड्याला धावण्याचा तुकडा १ मिनिटाने वाढवा, एकूण वेळ २५ मिनिटांच्या आतच. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखलं तर तोच आठवडा पुन्हा.

पाऊल लहान टाका. लांब टाकलं की पाय अंगाच्या पुढे पडतो आणि धक्का थेट नडगी-गुडघ्याला बसतो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ करा, वेग तोच ठेवून.

कट्ट्यालगतच्या कडक वाटेपेक्षा मैदानातली माती बरी, पाऊस ओसरून ती सुकली की. मऊ म्हणून जुहूची वाळू मात्र नको. कोरड्या वाळूत टाच खचते, कंडरा ताणली जाते. ओल्या पट्ट्याला समुद्राकडे उतार असल्याने एक पाय सतत खाली पडतो.

घरी भिंतीला हात टेकून टाचा उचला. १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तितकेच गुडघा वाकवून. वाकवल्यावर पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, काम करतो आणि धावताना मोठा भार त्याच्यावरच असतो. हा भाग बहुतेक जण टाळतात, कृपया टाळू नका.

पहाटवारा: आभार. पट्ट्यातच दुखतंय, एका जागी नाही. अजून दोन शंका: घाम नुसता निथळतो, आणि परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन आधीपेक्षा जरा कमी आलं.

लॅबवाली_ठाणे: प्लाझ्मा वाढला की लाल पेशी तेवढ्याच असूनही आकडा उतरलेला दिसू शकतो. तरी गृहीत धरू नका, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. शाकाहारी असाल तर बी १२ पण.

घाम सुकला तरच अंग थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता टपकतो, म्हणून नाडी चढते. सलग १०-१४ दिवसांत शरीर सरावतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. ऑक्टोबरात वेग घड्याळावर ठरवू नका, पूर्ण वाक्य बोलता येईल तेवढाच ठेवा. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त पिताय. आणि उकाड्यात अचानक अंगावर काटा आला, डोकं हलकं झालं तर लगेच थांबून सावली गाठा.

कट्टेकरी: जानेवारीचं म्हणाल तर, ८ मिनिटं धावणं आणि २ चालणं जमायला नोव्हेंबर उजाडेल. तिथवर आलात की मगच एकूण वेळ वाढवा, आठवड्याला ५ मिनिटं. शर्यतीतही हाच ८-२ चा हिशेब पहिल्या किलोमीटरपासून ठेवा, दमल्यावर नाही.