चिठ्ठी फेकू नका

'दगड देखणा असला की झालं, चिठ्ठीचं काय लोणचं घालायचंय?' असं खनिजांचे नमुने जमवणाऱ्या कुणीतरी लिहिलंय. चिठ्ठी म्हणजे नमुना कुठून आला ते लिहिलेला, त्याच्यासोबतचा कागद. नाही पटलं. कॅव्हनसाइट या खनिजाचंच घ्या. आधी सापडलं ते १९६७ साली अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये. पण जगभरच्या संग्रहांत मिरवतात ते आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले नमुने. स्टिल्बाइट या पांढरट खनिजावर मोरचुदी निळा, काटेरी गोळा! तिथून आलाय हे लिहिलेलं असलं की नमुन्याचं वजनच बदलतं.

माझ्याकडे अपोफिलाइट या खनिजाचा एक हिरवा स्फटिक आहे. घेतला तेव्हा खाली पिवळी पडलेली चिठ्ठी होती. धूळ काढायच्या नादात मीच ती भिजवली, आणि शाई गेली. विकणारा 'पुण्यातल्या पाषाणचा' म्हणाला होता, पण हिरवा तर राहुरीकडच्या मोमीन आखाड्याचाही येतो. आता सिद्ध कसं करणार? बसलोय कपाळाला हात लावून.

तेव्हापासून स्फटिकाला नाही, तर मागच्या काळ्या बेसॉल्टवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन बारीक आकडा घालतो, तोच वहीत. जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी डबीत राहते. आधीच्या मालकाच्या अक्षरातली असेल तर विचारूच नका.