स्वतःच छापायचं कॉमिक: ३२ पानं, ५०० प्रती, दम कुठे लागतो?

मलप्रभाकाठ, खानापूर

नमस्कार मंडळी. ३२ पानांचं मराठी कॉमिक स्वतःच्या पैशाने छापून काढायचं ठरवलंय. गोष्ट कौलाच्या भट्टीवर वाढलेल्या मुलीची आहे आणि संवाद आपल्या इकडच्या बोलीतच ठेवलेत, "काय करूलीस" (काय करतेस) पासून सगळे. लेखन पुरं झालंय, १२ पानं पेन्सिलीत तयार आहेत. नोकरी करून रात्री दीड-दोन तास मिळतात, आठवड्यातले सहा दिवस.

विचारायचं ते असं. रंगीत करू की काळं-पांढरं? ५०० प्रती जास्त होतील का? ए४ कागदावर काढलेलं छापताना बिघडतं ते नेमकं कुठे? पुढेमागे कन्नडमध्येही काढायची इच्छा आहे, त्याची सोय आत्ताच करून ठेवता येते का? आणि एक मनातलं. दहा-बारा पानांनंतर हुरूप उतरतो असं बरेच चित्रकार सांगतात. तो टिकवायला काय करावं? "मनापासून करत राहा" एवढंच नको, नेमकं सांगा.

फर्मा१६, बेळगाव

ताई, आधी आकार धरा, बाकीचं त्यावरून ठरतं. डेमी एक अष्टमांश हा पुस्तकांचा नेहमीचा आकार घ्या, कापून साडेपाच बाय साडेआठ इंच. २३ × ३६ इंचाच्या एका कागदात या आकाराची बरोबर ३२ पानं बसतात. म्हणजे आतल्या मजकुराला एका प्रतीला एक कागद. ५०० प्रतींना एक रीम, म्हणजे ५०० कागद, वर मशीन जुळवताना वाया जाणारे ५०-६० कागद. ९० जीएसएमचं (चौरस मीटरला ९० ग्रॅम) ते रीम साधारण २४ किलो भरतं. कागदाचा भाव किलोवर चालतो, तेव्हा हा हिशेब प्रेसमध्ये जायच्या आधी घरीच करून ठेवा. ए५ चा हट्ट धरू नका. त्याची रुंदी १४८ मिलिमीटर, आणि २३ इंचाचा चौथा भाग होतो १४६. दोन मिलिमीटरसाठी मोठा कागद घ्यावा लागतो आणि कडा रद्दीत जातात.

छपाई अर्ध्या कागदावर, १८ × २३ वर होते. एका बाजूला ८ पानं, दोन्ही बाजू मिळून १६ पानांचा एक फर्मा; असे दोन फर्मे, एकूण चार बाजू. काळ्या छपाईला ४ प्लेटा (छापायचे पत्रे) लागतात, चार रंगांत त्याच १६ होतात. खर्च तिथे चढतो, कागदात नाही. पहिल्या पुस्तकाला आत काळं आणि मुखपृष्ठ रंगीत, हेच माझं मत. भट्टीची गोष्ट काळ्या शाईत शोभेलच की.

आता बिघडतं कुठे ते. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढा. छापील चौकट पावणेपाच बाय साडेसात इंच धरली तर मूळ चित्र सात-सव्वासात बाय सव्वाअकरा इंच होतं, ते ए४ मध्ये जेमतेम मावतं. पानाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र असेल तर ते ए३ वर काढा आणि चारी बाजूंना छापील मापात ३ मिलिमीटर जादा न्या. छापताना रेघ दोन-तृतीयांश होते. ०.२ मिलिमीटरची रेघ ०.१३ वर येते, ती टिकते. पण जवळजवळ मारलेल्या रेघांमधली फट बुजते, कारण मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, शाई पितो आणि रेघ थोडी फुगते. भट्टीतला अंधार दाखवताना रेघांवर रेघा चढवण्यापेक्षा सरळ काळं भरा.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), ग्रे मध्ये. साफ करून शेवटी निव्वळ काळं-पांढरं करा, म्हणजे बिटमॅप, आणि टिफ म्हणून ठेवा. जेपीजी दिलीत तर रेघेच्या कडेला राखाडी कण राहतात, प्लेट काढताना त्यांचे ठिपके पडतात आणि रेघ दातेरी दिसते. बहुतेक पहिली कॉमिक्स इथेच मार खातात, आणि दोष विनाकारण मशीनवाल्याला लागतो.

पानं सुटी द्या, जोडून देऊ नका. मांडणी प्रेसवाला करतो. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकात आतली पानं बाहेर सरकतात. कापून दुमडलेले आठ कागद एकात एक बसले की मधल्या पानांची जवळजवळ एक मिलिमीटर कड कापली जाते, म्हणून पानांचे आकडे आणि संवादांचे फुगे कडेपासून १० मिलिमीटर आत ठेवा. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र १६-१७ वरच घ्या. तो एकच अखंड कागद असतो, बाकी ठिकाणी जोड हलतो.

५०० बद्दल. प्लेटा आणि मशीन जुळवणं २०० ला जेवढं तेवढंच ५०० ला, त्यामुळे प्रेसमध्ये उभं राहिलं की "अजून थोड्या घेऊया" असं वाटतंच. सहा महिन्यांत स्वतःच्या हाताने देता येतील तेवढ्याच छापा. १०० च्या आत असतील तर डिजिटल बरं. फक्त २०० जीएसएमच्या वरचं मुखपृष्ठ असेल तर दुमडायच्या आधी क्रीज मारायला (घडीची खाच पाडायला) सांगा, नाहीतर घडीवर टोनर, म्हणजे डिजिटलची पूडशाई, तडकतो.

शाईदौत, निपाणी

हुरूपाचं मी सांगते. तो जातो कारण हिशेब चुकलेला असतो. तुमच्या कामाची बेरीज मांडून बघा. पेन्सिलीला पानामागे ३ तास, शाईला ४, अक्षरं आणि फुगे १, स्कॅन आणि सफाई १. पेन्सिलीची २० पानं राहिलीत, ते ६० तास. शाई ३२ पानांची, १२८ तास. अक्षरं आणि सफाई मिळून ६४. एकूण २५२ तास. तुम्हाला आठवड्याला साडेदहा मिळतात. म्हणजे २४ आठवडे. त्यात गणपती आणि दिवाळीचे तीन आठवडे घाला, कारण त्या दिवसांत कुणाच्या घरी रात्री टेबल मोकळं नसतं. २७ झाले. मनात चार महिने धरून बसलेल्या माणसाला पाचव्या महिन्यात अपराधी वाटायला लागतं, हातातलं पान कितीही चांगलं उतरलेलं असलं तरी. काम रोज होत असतं आणि तरी माणूस रोज हरल्यासारखा झोपतो. म्हणून घरात, मित्रांत आज तारीख सांगाल ती २७ आठवड्यांनंतरचीच सांगा.

शाई पहिल्या पानापासून सुरू करू नका. नवव्या-दहाव्या पानापासून करा. हात बसायला पाच-सहा पानं जातात आणि वाचक पुस्तक उचलून पहिली तीन पानं बघतो. ती तीन सगळ्यात शेवटी, हात तयार झाल्यावर. एक पान पूर्ण करून दुसरं घेण्यापेक्षा चार-चार पानांचा गठ्ठा करा. दमलेल्या रात्री चौकटी आखायच्या, काळं भरायचं, फुग्यांतल्या पेन्सिलीच्या रेघा पुसायच्या. ताज्या रात्री चेहरे आणि हात. रोज चेहरेच काढायला बसलं की आठ दिवसांत हात नको म्हणतो.

भिंतीवर ३२ घरांचा तक्ता लावा, प्रत्येक घरात तीन चौकोन: पेन्सिल, शाई, अक्षरं. ९६ चौकोन होतात आणि तुमचे १२ आजच भरलेले आहेत. कागदाखाली फळी ठेवून मागे दोन वह्या टेकवा, म्हणजे मान वाकत नाही. पाऊण तासाने उठायचंच. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली की त्या रात्री शाई बंद. ओढून नेलेलं दुखणं महिना खातं, आणि तो महिना वरच्या हिशेबात धरलेला नाही.

आनंद छापून आल्यावरच मिळणार असं धरू नका, तो फार लांब आहे. दर आठ पानं पेन्सिलीत झाली की ए४ चे कागद मधून दुमडून छोटी वही करा आणि दोन-तीन मुलांच्या हातात द्या. काही बोलू नका, फक्त त्यांची बोटं बघा. पान उलटायला कुठे घाई करतात, कुठे मागे जातात, कुठे आपसूक मोठ्याने वाचतात. मुलीचा दचका, भट्टीचं दार उघडणं, असलं सगळं सम आकड्याच्या पानावर ठेवा, कारण ते उलटल्यावर दिसतं. मूल तिथे थांबलं की पुढची आठ पानं ओढायचं बळ येतं.

सोळा-सोळा पानांचे दोन अंक करायचाही विचार करा. अर्ध्या वाटेवर हातात पुस्तक येतं.

फर्मा१६, बेळगाव

सोळा पानांचं पटत नाही. मुखपृष्ठाच्या प्लेटा, लॅमिनेशन, पिन, कटिंग सगळं दोनदा होतं आणि हातात येतं ते प्रचारपत्रकासारखं पातळ. २४ तासांत विसरलं जातं. ३२ च बरं.

शाईदौत, निपाणी

खर्चाचं तुमचं बरोबर आहे. पण पहिल्यांदा करणाऱ्याला तेरा-चौदा आठवड्यांत एक पूर्ण झालेली वस्तू बघायला मिळणं यालाही किंमत आहे. झेरॉक्सवर ३० प्रतींचा पहिला भाग काढा, प्लेटा लागणारच नाहीत. ए४ चे चार कागद, दोन्ही बाजूंनी, मधोमध लांब स्टेपलरने दोन पिना.

दोन_लिपी, बेळगाव

कन्नडची सोय आत्ताच करा, नंतर फार जड जातं. मजकूर चित्रात मिसळू नका, वेगळ्या लेअरवर १०० टक्के काळ्यात ठेवा. आतली पानं काळीच असतील तर कन्नड आवृत्तीला चार प्लेटा नव्याने लागतील. पुढे कधी रंगीत केलंत तर खरा फायदा दिसतो: निळा, किरमिजी, पिवळा या १२ प्लेटा तशाच राहतात, फक्त काळ्याच्या ४ बदलायच्या. तेवढ्यात दुसरी भाषा निघते. मात्र दोन्ही भाषांची छपाई एकाच वेळी, त्याच मशीनवर करून घ्यायची.

फुगे आताच पाव हिस्सा मोकळे ठेवा. कन्नड शब्द लांबतात आणि ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, ओळीखाली उतरतात, त्यामुळे ओळींतलं अंतर मराठीपेक्षा जास्त लागतं. मराठीला १० पॉइंट अक्षराला १४ चं अंतर पुरतं. कलम किंवा मुक्त हे फाँट संवादाला चालतात, दोन्ही फुकट आणि छपाईला मोकळे आहेत. शीर्षकाला बालू घेतलात तर त्याच घराण्यातला बालू तम्मा कन्नडसाठी मिळतो, दोन्ही मुखपृष्ठं बहिणी-बहिणी दिसतात.

इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग लावल्याशिवाय जोडाक्षरं फुटतात. प्रेसमध्ये अजून जुन्या फाँटांवर काम चालतं, तिथे युनिकोडचा मजकूर उघडला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. म्हणून मजकुराचे आउटलाइन करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करूनच, पीडीएफ द्या आणि त्यानंतर पुन्हा सगळं वाचा. "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला अर्धा र आणि "ॲ" हे आधी बघा. बोलीतले शब्द कुणाला सुधारू देऊ नका. मुद्रितशोधकाला लेखी यादी द्या, "करूलीस" हे असंच आहे म्हणून. कन्नड अनुवादही बेळगावकडच्याच कन्नडमध्ये करून घ्या. बंगळूरची पुस्तकी कन्नड त्या मुलीच्या तोंडी बसणार नाही.

टपालपेटी, चिक्कोडी

विक्रीचं सांगतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय नंबर, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन. फाइल प्रेसला जायच्या बऱ्याच आधी करा, कारण नंबर मलपृष्ठावर छापायचा असतो. प्रकाशक आणि मुद्रक यांची नावं-पत्ते आत छापाच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत जाते, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. ५०० मधल्या या चार आधीच बाजूला काढा.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त पुस्तकं विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. पण लक्ष ठेवा: आपण कर्नाटकात, आपल्याकडून कोल्हापूर म्हणजे दुसरं राज्य. पुस्तकासोबत स्टिकर, पोस्टर, टी-शर्ट असला करपात्र माल तिकडे विकलात तर रक्कम कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. पहिल्या वर्षी स्टिकर विकू नका. पुस्तकात वाचनखूण घालून फुकट द्या.

तुमची प्रत ६० ग्रॅमच्या आत येईल, पुठ्ठा आणि पाकीट धरून १०० ग्रॅम. टपालाच्या ज्ञान पोस्ट या पुस्तकांच्या सेवेचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर असा सुरू झाला, ट्रॅकिंगसह. दोन प्रतीही त्यातच बसतात. जाहिराती छापलेलं पुस्तक त्यात चालत नाही, म्हणून मलपृष्ठावर ओळखीच्या दुकानाची जाहिरात घ्यायचा मोह टाळा.

दुकानदार ३० ते ४० टक्के ठेवतो आणि पैसे विकल्यावर देतो. समजा किंमत १२० ठेवली, ४० टक्के गेले, ७२ उरले. प्रत ४० ला पडली असेल तर हातात ३२. त्याच्याकडे एका वेळी दहाच्या वर ठेवू नका आणि माल दिल्याच्या चलनाच्या दोन प्रती करा. खरी विक्री आपल्या साहित्य संमेलनांत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, सगळीकडे हिवाळ्यात माणूस पुस्तक घ्यायच्या मनाने येतो. टेबलावर "वाचायची प्रत" असं लिहून एक प्रत मोकळी ठेवा. पोरं उभ्याने पूर्ण वाचतात, वाचू द्या. त्यांच्यामागून आई-बाप येतात.

मलप्रभाकाठ, खानापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. २५२ तासांचा आकडा वाचून आधी धस्स झालं आणि मग बरं वाटलं. आत काळं, मुखपृष्ठ रंगीत, प्रती ३००, आणि आधी झेरॉक्सवर ३० असं ठरवते. फर्मा१६ दादा, संमेलनांत ठेवायचं तर प्रेसला कधी द्यावं? आणि उरलेल्या प्रती खानापूरच्या पावसात कशा सांभाळायच्या?

फर्मा१६, बेळगाव

दिवाळी अंक ऑक्टोबरात संपतात, मग कॅलेंडरं लागतात. त्या दोहोंच्या फटीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाइल द्या आणि दोन-तीन आठवडे धरा. पावसाळ्यात छापू नका. कागद ओल ओढतो, लहर पडते, शाई उशिरा वाळून वरच्या कागदावर उमटते. एका बाजूने लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ वळतं ते त्याचमुळे: आतली बाजू ओल घेते, फिल्मची बाजू घेत नाही.

३०० प्रतींची एकावर एक चळत दोन-सव्वादोन फूट होते, वजन १८ किलो. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून, एका गठ्ठ्याची पिनेची बाजू डावीकडे, पुढच्याची उजवीकडे असे उलटसुलट रचून, कोऱ्या कागदात गुंडाळा आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. ट्रंकेखाली दोन विटा. भिंतीला टेकवू नका, आणि महिन्यातून एकदा ऊन पडलेल्या दिवशी झाकण उघडा.