मदत हवी आहे: तुर्की वाक्यात 'आहे' आणि 'नाही' कुठे टाकायचं?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, टॉवेल एक्सपोर्टमध्ये ऑर्डरी सांभाळते. आता तुर्कस्तानातल्या डेनिझलीच्या पार्टीबरोबर काम सुरू होतंय (टॉवेलसाठी ते गाव म्हणजे तिकडचं सोलापूरच), माणसं आमच्याशी इंग्रजीत बोलतात पण आपसात सगळं तुर्कीत, म्हणून म्हटलं निदान साधी वाक्यं तरी जमली पाहिजेत. ॲपवर शब्द भराभर पाठ होतायत पण वाक्य जोडायला बसलं की अडतं.

एक म्हणजे 'आहे'. 'मी दमलेय'ला नुसतं 'योरगुनुम'! योरगुन म्हणजे दमलेला, मग यात मी कुठे आणि आहे कुठे? दुसरं 'नाही', ते कधी देयिल, कधी योक, कधी क्रियापदाच्या पोटात घुसलेलं. आणि 'हावलू इस्तियोरुम' न् 'हावलुयु इस्तियोरुम' यात फरक काय? (हावलू म्हणजे टॉवेल, इस्तियोरुम म्हणजे मला हवंय.) ॲप म्हणतं एक इंग्रजीतल्या 'ए'वालं एक 'द'वालं, आणि ए-द मध्ये माझी आधीच बोंब.

स्वरांचं जुळणं, म्हणजे 'बुर्सात'ला बुर्सादा पण 'डेनिझलीत'ला देनिझलीदे, ते कानाला बसलंय, त्याचं टेन्शन नाही.

प्रतिसाद १:
ताई, आधी मधलं इंग्रजी काढून टाका, मराठीवरून थेट तुर्कीत जा, निम्मं काम तिथेच होतं. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाला मागून चिकटते, सगळं आपल्यासारखंच. 'योरगुनुम'मधला शेवटचा 'उम' म्हणजेच मी आहे. तू असशील तर योरगुनसुन, तो-ती-ते असेल तर नुसतं योरगुन, आणि लिंगभेद नाहीच, तिघांनाही एकच 'ओ'.

'नाही'साठी मराठीतलं 'नव्हे' आठवा. 'मी मालक नव्हे' तिथे देयिल: पात्रोन देयिलिम. वस्तूच नाही, संपली, तिथे योक: हावलू योक. आणि क्रिया होत नाही तिथे धातूला लागूनच: गेलियोरुम येतेय, गेलमियोरुम येत नाहीये. 'माझ्याकडे आहे' म्हणायला पण आपल्यासारखंच 'माझं अमुक आहे', त्यात 'आहे'च्या जागी वार लावायचं.

हावलुयु म्हणजे ठरलेला टॉवेल, ज्याबद्दल आधी बोलणं झालंय तो. दुकानात शिरल्या शिरल्या हावलुयु म्हणालात तर समोरचा विचारेल 'हांगीसी?', म्हणजे कुठला? नुसता टॉवेल हवाय, कुठलाही चालेल, तर शेपूट लावू नका.

प्रतिसाद २:
+१, आणि आपला 'का' पण आहे त्यांच्याकडे, वाक्याच्या शेवटी. हावलू वार म? टॉवेल आहेत का? हा म आखूड अ लावून म्हणायचा, आणि आधीच्या स्वराप्रमाणे तो मि, मु वगैरे होतो. फक्त 'येतेस का'मधला स आपण क्रियापदाला लावतो, ते लोक का लाच लावतात: गेलियोर मुसुन? पार्टीशी बोलताना मात्र मुसुनुझ, अहो-जाहोवालं, पहिल्याच भेटीत अरेतुरे नको.

आणि 'का' जिथे ठेवाल तिथे जोर जातो. यारन म गेलियोरसुन म्हणजे उद्याच येतेस का, परवा नाही ना. इथे बघा, का मधे सरकला की सुन परत क्रियापदाकडे.

धागाकर्ती:
नव्हेवालं एकदम क्लिअर झालं, थँक्स!! पण मग पात्रोनुम म्हणजे 'मी मालक आहे' की 'माझा मालक'? पुस्तकात दोन्ही दिसतंय.

प्रतिसाद १:
दोन्ही. बोलताना जोर 'रो'वर असेल तर मी मालक, शेवटच्या 'नुम'वर असेल तर माझा मालक. लिहिलेलं असेल तर पुढे बघा, 'पात्रोनुम गेलदी' म्हणजे माझा मालक आला. हो, गेलदी म्हणजे आला, सुरुवातीला सगळेच इथे फसतात.