मदत हवी आहे: गार्डनच्या वहीत आमचं लग्न महिनाभर आधीच लागलंय

नमस्कार मंडळी. इंदूरला असते, ओळखीतल्या लग्नांची व्यवस्था बघते. यंदा घरचंच कार्य, भाचीचं, आणि नेमकी तिथेच माती खाल्ली.

मुलाकडच्या काकांनी फोनवर तिथी सांगितली, माघ वद्य पंचमी. मी तशीच मॅरेज गार्डनच्या मुनीमजींना कळवली, टोकन दिलं. पावतीवर आलं "माघ बदी ५" (बदी म्हणजे वद्य). काल पत्रिका छापायला द्यायच्या आधी त्यांची वही बघितली, तर इंग्रजी तारीख महिनाभर आधीची! आपल्या हिशेबाने चक्क पौषात. आईने कपाळाला हात लावला.

भांडायला गेले तर मुनीमजी शांतपणे म्हणाले, इथे राजवाड्यावर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघते तेव्हा आमचा चैत लागलेला असतो, तुमचा फाल्गुनच चालू असतो ना? खरंच की. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचं जुळतं, वद्यात ते एक महिना पुढे. आपला माघ वद्य म्हणजे त्यांचा फाल्गुन. इतकी वर्षं इथे राहून हे सुचू नये!

आता आपल्या खऱ्या तारखेला संध्याकाळी तिथे दुसऱ्यांची बारात आहे. दिवस रिकामा आहे, मुहूर्तही दुपारचा आहे. पण ४ वाजता जागा सोडा म्हणतात आणि भाडं मात्र पूर्ण दिवसाचं. नाही म्हटलं तर टोकन बुडालं. कोणी असं उरकलंय का? भाडं कमी करून मागू का?

उत्तर १ (वडोदरा): आमच्याकडे हा घोळ होत नाही, गुजराती महिनाही अमावास्येलाच संपतो. तरी मी पावतीवर नुसती तिथी लिहू देत नाही. इंग्रजी तारीख, वार, किती ते किती वाजेपर्यंत.

उत्तर २ (इंदूर): ४ वाजता म्हणतात, पण संध्याकाळवाल्यांचा डेकोरेटर दोनलाच आत शिरतो. आमच्याकडे विहिणींची पंगत बसलेली आणि मागे दोघं शिडी लावून स्टेजचे पडदे उतरवत होते! त्या लोकांना गाठा, दोघांत मिळून एकच सजावट ठरवा. पाठवणी घरून करा.

धागाकर्ती: सजावटीचं डोक्यातच आलं नव्हतं. मुनीमजींकडे त्यांचा नंबर मागितलाय. भाड्याचं मात्र कोणीच बोललं नाही. अर्ध्यावर येतील का हो?